फुलपाखरांच्या नावाने घाणेरी

पावसाळ्याच्या तोंडावर बेंगळुरूतील एखाद्या रोपवाटिकेत डोकावले, तर पिवळ्या, केशरी, जांभळ्या फुलांच्या बुटक्या झुडपांच्या पिशव्या हमखास पुढच्या रांगेत मांडलेल्या दिसतात. पाणी कमी लागते, बारा महिने फुले येतात, गुरे तोंड लावत नाहीत आणि फुलपाखरे येतात, अशी या झुडपाची शिफारस केली जाते. यातील एकही विधान खोटे नाही. नाव मात्र विक्रेता ‘लँटाना’ असे सांगतो. महाराष्ट्रातून येऊन या शहरात स्थायिक झालेल्या ग्राहकाला तेच झुडूप गावाकडच्या बांधावर, डोंगरउतारावर आणि पडीक गायरानात ‘घाणेरी’ किंवा ‘टणटणी’ म्हणून ठाऊक असते. पण पिशवीतील ठेंगण्या, नीटनेटक्या रोपात त्याला ती ओळखू येत नाही. पान चुरगाळून वास घेतला, की ओळख पटते.

रस्त्यांच्या दुभाजकांत, निवासी संकुलांच्या कुंपणांशी आणि अलीकडे ‘फुलपाखरू उद्यान’ या नावाने आखल्या जाणाऱ्या वाफ्यांत घाणेरी लावण्याची प्रथा रूढ झाली आहे. शोभेसाठी ती लावणारा निदान शोभेचे कारण देतो. फुलपाखरांच्या संवर्धनासाठी ती लावणे हा मात्र कीटकशास्त्राच्या नावावर चाललेला गैरसमज आहे, आणि त्याला विरोध करण्याची जबाबदारी सर्वांत आधी कीटकशास्त्रज्ञांचीच आहे.

घाणेरी मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील. सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांमार्फत ती युरोपातील उद्यानांत गेली. तेथील माळ्यांनी वेगवेगळ्या जातींचे संकर करून रंगीबेरंगी वाण तयार केले आणि हे संकरित वाण वसाहतींबरोबर जगभर पसरले. भारतात ती एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचे झुडूप म्हणून आली. आज जंगलात जी घाणेरी आहे ती निसर्गातील एखादी सरळ जात नसून उद्यानांत घडलेल्या संकरांचा एक गुंताडा आहे. ही बाब पुढे फार महत्त्वाची ठरते.

तिच्या वाढीला काय लागते, याचे उत्तर एका शब्दात देता येते: प्रकाश. माती हलकी असो वा भारी, मुरमाड असो वा खडकाळ, पाऊस वर्षाला ६०० मिलिमीटर पडो वा २,००० मिलिमीटर, तिची तक्रार नसते. कडक हिमतुषार, पाणी साचून राहणारी जमीन आणि दाट सावली एवढ्याच गोष्टी तिला सोसत नाहीत. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे; येथे हिमतुषार पडत नाही, तांबडी माती पाणी धरून ठेवत नाही, आणि एप्रिल-मेमधील वळवापासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस थोडाथोडा येतच राहतो. घाणेरीच्या दृष्टीने यात उणे काहीच नाही. महाराष्ट्रात उन्हाळ्याच्या अखेरीस तिची पाने गळून काटक्या उरतात; येथे ओलावा मिळाल्यास ती वर्षभर हिरवी राहते आणि फुलोरा थांबत नाही. मागे उरते सावलीची अट. रस्ता रुंद करताना, इमारतीसाठी भूखंड मोकळा करताना किंवा जंगलाच्या कडेचे सरपण तोडताना ती अट माणूसच दूर करतो. दाट छत्राच्या अस्पर्श जंगलात घाणेरी क्वचित शिरते. ती शिरते तेथे कोणीतरी आधी छत उघडलेले असते.

फुलोऱ्याची रचनाही पाहण्यासारखी आहे. गुच्छातील फूल उमलते तेव्हा बहुतेक वाणांत ते पिवळे असते आणि एक-दोन दिवसांत केशरी, गुलाबी किंवा लाल होते. दिल्ली विद्यापीठातील एच. वाय. मोहन राम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० आणि १९८० च्या दशकांत या रंगबदलाचा अभ्यास केला. पिवळ्या फुलात मधुरस असतो, रंग बदललेल्या फुलात तो जवळजवळ नसतो आणि कीटक हा फरक ओळखतात. जुनी फुले गळून न पडता गुच्छ दुरून ठळक दिसण्याचे काम करतात. परागीभवनात फुलकिड्यांचा वाटा मोठा असतो, हेही याच अभ्यासातून पुढे आले. कांदा-मिरचीच्या शेतकऱ्याला जो फुलकिडा शत्रू वाटतो, त्याचेच भाऊबंद घाणेरीच्या फळधारणेला हातभार लावतात. एका गुच्छातून काळ्या, रसाळ फळांचा घोस तयार होतो. बुलबुल आणि साळुंक्या ती फळे खातात व बिया दूरवर टाकतात. दुभाजकात लावलेले झुडूप दुभाजकातच राहील, ही समजूत पक्ष्यांनी कधीच मान्य केलेली नाही.

आता फुलपाखरांकडे वळू. घाणेरीवर फुलपाखरे येतात, आणि पुष्कळ येतात. महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन आणि कर्नाटकाचे सदर्न बर्डविंग ही दोन्ही तिच्या गुच्छांवर मधुरस घेताना दिसतात. छायाचित्रकारांना यापेक्षा सोयीचे झुडूप नाही. परंतु फुलपाखराच्या आयुष्यात मधुरस पिण्याचा काळ हा शेवटचा टप्पा आहे. वाढीचा सारा काळ अळीचा असतो आणि अळी पानांवर वाढते. तीही ठरावीक वनस्पतींच्याच. ब्लू मॉरमॉनच्या अळीला लिंबूवर्गीय झाडे आणि रानातील माकडलिंबू लागतो. सदर्न बर्डविंगची अळी ईश्वरीच्या कुळातील वेलींवर वाढते. प्लेन टायगरला रुई, रेड पिएरोला पानफुटी, कॉमन मॉरमॉनला कढीपत्ता, कॉमन क्रोला कण्हेर किंवा उंबर-वडाचे कुळ. घाणेरीच्या पानांवर आपल्याकडील फुलपाखरांच्या अळ्या सामान्यतः वाढत नाहीत. ज्या उद्यानात फक्त घाणेरी आहे, तेथे दिसणारी सर्व फुलपाखरे दुसऱ्या कोणाच्या तरी लिंबावर, रुईवर किंवा वेलीवर जन्मलेली असतात. अशा ठिकाणी भोजनालय आहे, प्रसूतिगृह नाही.

येथपर्यंत घाणेरी निरुपयोगी ठरते, अपायकारक नव्हे. अपाय सुरू होतो तो तिने व्यापलेल्या जागेमुळे. अळ्यांच्या खाद्य वनस्पती बहुतांशी जंगलाच्या तळाशी वाढणाऱ्या लहान झुडपांत, वेलींत आणि गवतांत असतात, आणि घाणेरी नेमका तोच थर ताब्यात घेते. तिची जाळी माणसाच्या उंचीच्या वर जाते, खाली प्रकाश पोहोचत नाही आणि इतर वनस्पतींची रोपे उगवली तरी टिकत नाहीत. कर्नाटकातील बिळिगिरी रंगनाथस्वामी टेकड्यांत १९९७ आणि २००८ या दोन वर्षी त्याच ठिकाणी पाहणी झाली तेव्हा घाणेरी आढळलेल्या भूखंडांचे प्रमाण ४१ टक्क्यांवरून ८१ टक्क्यांवर गेले होते. मले महादेश्वर टेकड्यांतील पक्ष्यांच्या अभ्यासात घाणेरी जसजशी दाट होत गेली तसतशी पक्ष्यांची विविधता घटली. सर्वांत जास्त घट झाली ती झाडांच्या छत्रात कीटक टिपणाऱ्या पक्ष्यांत. हा निष्कर्ष पक्षिशास्त्राच्या नियतकालिकांत चर्चिला गेला, पण तो मुळात कीटकांविषयीचा इशारा म्हणून वाचायला हवा होता. फळे खाणाऱ्या पक्ष्यांना घाणेरी चालते. कीटकांवर जगणाऱ्यांना चालत नाही, याचे कारण शोधायला फार दूर जावे लागू नये.

देशभराचा विचार केला तर वाघांच्या अधिवासातील जंगलांपैकी सुमारे दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर घाणेरीचा प्रादुर्भाव आहे, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडला गेला; हे क्षेत्र त्या अधिवासाच्या ४० टक्क्यांहून अधिक भरते. महाराष्ट्राच्या अर्ध्या क्षेत्रफळाइतका हा विस्तार आहे.

एवढे सगळे ऐकल्यावर एक प्रश्न नेहमी विचारला जातो, आणि तो बेंगळुरूत विचारला जाणे स्वाभाविकही आहे: तिच्यावर सोडायला एखादा कीटक नाही का? परदेशी तणांच्या व किडींच्या जैविक नियंत्रणाचे भारतातील काम १९५७ पासून याच शहरात रुजले, आणि त्याला मोठे यशही लाभले. सॅल्व्हिनिया या पाणतणावरील सोंडकिडा १९८० च्या दशकात येथील एका तळ्यात प्रथम सोडला गेला. पुढे त्याने केरळातील कालवे आणि भातखाचरे मोकळी केली. गाजर गवतावरील झायगोग्रामा भुंगेरा १९८३ मध्ये मेक्सिकोतून येथेच आणला गेला आणि १९८४ मध्ये शेतात सोडला गेला. काही वर्षांनी तो सूर्यफुलावर दिसल्याने मोठा गदारोळ झाला, तरी आज महाराष्ट्रातील शेतकरी त्याला मित्रकीटक म्हणून ओळखतो. त्याही आधीचे उदाहरण फड्या निवडुंगाचे. १७९५ मध्ये ब्राझीलहून रंगनिर्मितीसाठी आणलेला कोचिनील कीटक भलत्याच जातीचा निघाला. रंग मिळाला नाही, पण निवडुंगाची एक जात त्याने खाऊन संपवत आणली.

घाणेरीबाबत हे घडलेले नाही, आणि प्रयत्न झाले नाहीत म्हणून घडले नाही असेही म्हणता येत नाही. तणावर मुद्दाम कीटक आणून सोडण्याचा जगातील पहिला मोठा प्रयत्नच मुळी घाणेरीविरुद्ध होता: १९०२ मध्ये आल्बर्ट कोबेले यांनी मेक्सिकोतून हवाई बेटांवर कीटक पाठविले. भारतात वाय. रामचंद्र राव यांनी घाणेरीवरील कीटकांची पद्धतशीर पाहणी करून १९२० मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला; येथील स्थानिक कीटकांपैकी एकही तिला रोखण्याच्या लायकीचा नाही, हे त्यांच्या कामातून स्पष्ट झाले. १९२१ मध्ये हवाईतून ऑफिओमिया ही फळांतील माशी दक्षिण भारतात आणली गेली. ती रुजली, आजही सापडते; तिची अळी फळातील गर खाते, बी मात्र पुष्कळदा शाबूत राहते. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातून टेलिओनेमिया हा जाळीदार पंखांचा ढेकूण आला. चाचण्यांत तो सागाच्या फुलांवर जगतो असे दिसताच त्याचे संवर्धन नष्ट करण्यात आले. साग त्या काळी घाणेरीच्याच कुळात गणला जात असे, त्यामुळे ही शंका रास्त होती. तरीही तो निसटला आणि देशभर पसरला. सागाला त्याने उल्लेखनीय उपद्रव दिला नाही. घाणेरीलाही पुरेसा दिला नाही. उन्हाळ्यात तो झुडपे करपवून टाकतो आणि पहिल्या पावसात ती पुन्हा फुटतात. त्यानंतरही पाने पोखरणारे भुंगेरे आणून पाहण्यात आले. जगभर मिळून चाळिसाच्या आसपास शत्रू घाणेरीवर सोडले गेले आहेत. कोरड्या हवाईत थोडे यश आले, इतरत्र फारसे नाही.

अपयशाची कारणे समजण्यासारखी आहेत. सॅल्व्हिनियाची वनस्पती जगभर जवळजवळ एकाच प्रकारची होती, त्यामुळे तिला मारणारा किडा सर्वत्र तिला मारू शकला. घाणेरी हा संकरांचा गुंताडा असल्याने तिचे मूळ गाव असे कोणतेच नाही. मेक्सिकोतील एखाद्या रानटी जातीवर तुटून पडणारा कीटक बेंगळुरूजवळच्या गुलाबी फुलांच्या वाणावर अंडी घालायलाही तयार होत नाही. शिवाय पाने गेली तरी खोड आणि मुळांतील साठा शिल्लक राहतो. आणलेल्या कीटकांवर येथील परोपजीवी कीटक आणि कोळी तुटून पडतात ते वेगळेच. शंभर वर्षांचा हा अनुभव पाहता, अमुक कीटक आला की प्रश्न सुटेल, ही आशा शेतकऱ्यांना आणि वनविभागांना दाखवत राहणे प्रामाणिकपणाचे नाही. संशोधन चालू राहावे, आश्वासन थांबावे.

यात आणखी एक विसंगती आहे. एखाद्या तणासाठी परिणामकारक शत्रू सापडला, तर तो जंगल आणि बाग असा भेद करणार नाही. एका बाजूला घाणेरी नष्ट करण्यावर सार्वजनिक पैसा खर्च होत असताना दुसऱ्या बाजूला सार्वजनिक पैशातूनच दुभाजकांत ती लावली जात असेल, तर ते दोन्ही खर्च परस्परांना रद्द करतात. दक्षिण आफ्रिकेत घाणेरीची विक्री आणि लागवड कायद्याने मना आहे. ऑस्ट्रेलियात ती राष्ट्रीय महत्त्वाच्या तणांच्या यादीत असून क्वीन्सलँडसारख्या राज्यांत तिचा व्यापार करता येत नाही. आपल्याकडे ती पिशवीत भरून सवलतीच्या दरात मिळते.

यावर रोपवाटिकांचा ठरलेला युक्तिवाद असा, की बागेतील ठेंगणे वाण निर्बीज असतात. काही वाण खरोखरच फारच थोडी फळे धरतात. मात्र फळ न धरणे म्हणजे पराग निकामी असणे नव्हे. अशा झुडपाचे पराग जवळच्या रानटी घाणेरीला मिळाले, तर त्या संकराला नवे गुणधर्म मिळतात. अमेरिकेतील फ्लोरिडामध्ये लँटानाची एक स्थानिक दुर्मीळ जात बागांतील घाणेरीशी संकर होऊन आपले वेगळेपण गमावू लागली आहे. ‘निर्बीज’ ही पाटी लावणाऱ्याने पराग आणि फळ या दोन्हींची चाचणी दाखवावी; तसा पुरावा नसेल तर त्या पाटीवर विसंबून बन्नेरघट्टासारख्या जंगलाला लागून असलेल्या वसाहतींत हे झुडूप लावू देणे धोक्याचे आहे.

घाणेरीच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे आणि ते टाळू नये. मार्च-एप्रिलमध्ये, रानात फारसे काही फुललेले नसते तेव्हा, तिचा मधुरस अनेक कीटकांना आधार देतो. मले महादेश्वर टेकड्यांतील सोलिगा कुटुंबांनी, ‘अत्री’ या बेंगळुरूस्थित संस्थेच्या साहाय्याने, तिच्या काटक्यांपासून बांबू-वेताच्या तोडीचे फर्निचर बनविण्याचे कौशल्य मिळविले. निलगिरीतील आदिवासी कारागिरांनी तिच्यापासून घडविलेले पूर्णाकृती हत्ती २०२१ मध्ये लंडनच्या उद्यानांत उभे राहिले. हे उद्योग वाढावेत. पण काटक्या कापून नेल्याने झुडूप मरत नाही. उलट बुंध्यातून अधिक फांद्या फुटतात. कारागिराला हवी तेवढी घाणेरी जंगलात पुढील कित्येक पिढ्या मिळत राहील, त्यासाठी ती बागेत वाढविण्याची गरज नाही.

सोलिगांचे दुसरे म्हणणे अधिक विचार करण्याजोगे आहे. पूर्वी उन्हाळ्याच्या आरंभी ते जंगलतळाच्या पाचोळ्याला हलकी आग लावत. अभयारण्य झाल्यावर ती प्रथा बंद पडली आणि त्यानंतर घाणेरी माजली, असे ते सांगतात. जुन्या आगीत कोवळी रोपे मरत, हे पटण्यासारखे आहे. मात्र आज ती रीत जशीच्या तशी परत आणता येणार नाही. दाट जाळीत लागलेली आग पाचोळ्यापुरती राहत नाही, ती झाडांच्या छत्रापर्यंत चढते. त्यानंतर मोकळ्या झालेल्या प्रकाशात बुंध्यातून पहिली फुटते ती घाणेरीच. आगीने घाणेरी रोखता येते ती दाट होण्यापूर्वी. नंतर नाही.

काढण्याची रीतही तिच्या वाढीच्या सवयीवरूनच ठरते. दिल्ली विद्यापीठातील सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात वापरलेली पद्धत साधी आहे: जमिनीच्या पृष्ठभागाखाली तीन-चार इंचांवर, खोड आणि सोटमूळ जोडले जाते त्या भागाच्या खाली, कुदळीने मूळ तोडायचे आणि झुडूप उलटे करून सुकू द्यायचे. नवे कोंब फुटण्याची क्षमता त्या जोडभागात असते, म्हणून विळ्याने वरून कापण्याला काही अर्थ नाही. हे काम फळे पिकण्यापूर्वी करावे. त्यानंतर मोकळ्या जमिनीवर लगेच स्थानिक गवते आणि झुडपे लावली नाहीत, तर पुढच्या पावसात त्याच जागी घाणेरीचीच रोपे उगवतात, कारण बियांचा साठा मातीत असतोच. शेताच्या बांधावरील घाणेरी काढताना एक दक्षता घ्यावी: तोडलेल्या, कोमेजत्या फांद्या गुरांच्या वाटेत टाकू नयेत. एरवी गुरे तिला टाळतात, पण चाराटंचाईत भुकेले जनावर ती खाते. पानांतील लँटाडीन हे विष यकृतावर परिणाम करते. जनावराला कावीळ होते, ते चारा सोडते आणि उन्हात त्याची कातडी भाजल्यासारखी फुटते. दुष्काळी पट्ट्यातील पशुपालकाला फुलपाखरांपेक्षा हे कारण अधिक जवळचे वाटेल, आणि त्यात गैर काही नाही.

राहिला प्रश्न बागेचा. बेंगळुरूच्या हवेत घाणेरीइतक्याच निगुतीने वाढणाऱ्या सदाहरित झुडपांची वाण नाही. दक्षिण भारतातीलच तांबडी इक्झोरा, म्हणजे कोकणी माणसाची पेंटगूळ, वर्षाचा बराच काळ फुलते आणि तिच्या लांब नळीच्या फुलांवर मोठी फुलपाखरे येतात. तिला थोडी आम्ल माती आणि सुरुवातीच्या दोन वर्षांत पाणी लागते, एवढीच तिची मागणी. कण्हेर विषारी असली तरी दुभाजकांसाठी योग्य आहे. ती रानात पसरत नाही आणि कॉमन क्रोच्या अळीलाही पोसते. कुंपणाच्या आतल्या बाजूला कढीपत्ता आणि लिंबू, उन्हाच्या कोपऱ्यात रुई, भिंतीच्या कडेला पानफुटी, थोडी जागा खुळखुळ्याला, ज्याच्या सुकत्या शेंगा-पानांवर टायगर आणि क्रो फुलपाखरांचे नर झुंबड करतात. बन्नेरघट्टा येथे २००६ मध्ये फुलपाखरू उद्यान सुरू झाले. तेव्हापासून या शहरात फुलपाखरांविषयीची आवड वाढली. अळीविषयीची वाढायची आहे. चघळलेल्या पानांच्या कढीपत्त्यावर औषध फवारण्याआधी ती चघळणारी अळी कोणाची, हे पाहणारा माळी जेथे आहे, तेथे फुलपाखरांसाठी वेगळे झुडूप विकत आणावे लागत नाही.

पालिकांनी आणि गृहसंकुलांनी लागवडीच्या निविदांतून लँटानाच्या सर्व जातींची नावे वगळणे, हे पहिले पाऊल आहे आणि त्याला कोणताही खर्च येत नाही. कृषी विद्यापीठे व संशोधन संस्था यांनी आपापल्या आवारातील शोभेच्या वाफ्यांपासून त्याची सुरुवात करावी. पावसाळ्यापूर्वी, जमीन पहिल्या वळवाने भिजून कुदळ सहज शिरू लागली, की हे काम हाती घेता येते. त्यानंतरची सलग तीन वर्षे दर पावसाळ्यात उगवणारी रोपे उपटण्यासाठी माणसे नेमून ठेवावी लागतील.